बसायची पंचाईत आणि वैद्यराजांची गोळी

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द या खेपेला अगदी शब्दशः घ्यावा. हे पत्र मी पलंगावर पालथा पडून, छातीखाली उशी आणि उशीपुढे पाट घेऊन लिहितो आहे. अक्षर उतरत्या रस्त्याला लागल्यासारखं दिसलं तर क्षमा असावी.) मामींनाही नमस्कार. तुमची दोघांची तब्येत ठीक असेल असं मी धरून चालतो. चौकशी दोन ओळींत आटपली म्हणून रागावू नका. सध्या आमच्या घरात कुणी तब्येत हा शब्द काढला की पुढचा अर्धा तास हातचा जातो. तो कसा जातो आणि कुणामुळे जातो, हेच आज सविस्तर कळवायचं आहे. मी महिनाभर का लिहिलं नाही, याचाही खुलासा त्यातच होईल. आळस केला असं तुमच्या मनात आलं असेल. मामा, आळशी माणूस बसून असतो. मला बसताच येत नव्हतं.

गोष्टीची सुरुवात माझ्या कोपरांपासून होते आणि पुढे ती खाली सरकते. माझं काम तुम्हांला ठाऊक आहेच. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी बसायचं, पायाशी बसवलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि चेहरा शांत ठेवायचा. या तिन्हींपैकी चेहऱ्याचं काम सर्वांत कठीण. तर थंडी संपता संपता माझ्या दोन्ही कोपरांवर पुरळ उठलं. लाल, खाजरं, कडेने नकाशासारखं वेडंवाकडं. घरी खाजवण्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं, पण गाडीत पंचाईत होऊ लागली. मी उजवं कोपर खाजवलं की शिकणाऱ्याला वाटायचं, मास्तरांनी उजवीकडे वळायची खूण केली. एक विम्याच्या कचेरीतले गृहस्थ असेच आज्ञाधारकपणे वळत वळत एका फर्निचरच्या दुकानाच्या अंगणात गेले आणि दोन सोफ्यांच्या मधोमध, मी सांगायच्या आत, अचूक पार्किंग करून मोकळे झाले.

इथे आमच्या मेहुण्यांचा प्रवेश होतो. हिचे थोरले भाऊ. तुम्ही त्यांना आमच्या लग्नात एकदा पाहिलं असेल. प्रत्येकाची नाडी बघत फिरत होते ते. निवृत्त झाल्यावर ते आमच्याकडे आठवडाभरासाठी म्हणून आले. कुठल्या आठवड्यासाठी, ते मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांची सगळी नोकरी औषधांच्या गोदामात खोकी चढवण्या-उतरवण्यात गेली, त्यामुळे औषध म्हटलं की त्यांच्या मनात प्रथम वजन येतं आणि मग गुण. तरीही (किंवा त्यामुळेच) गल्लीत त्यांना सगळे वैद्यराज म्हणतात. ही पदवी कुणी थट्टेने दिली होती, ती त्यांनी गंभीरपणे स्वीकारली, आणि एकदा माणसाने गंभीरपणे स्वीकारलं की थट्टा करणाऱ्याचंच अवघड होऊन बसतं.

वैद्यराजांचं शास्त्र फार सुटसुटीत आहे. जगातल्या यच्चयावत दुखण्यांचं कारण एक, ते म्हणजे प्रतिकारशक्ती कमी. आणि उपाय एक, ती वाढवा. कुणाला सर्दी झाली, प्रतिकारशक्ती कमी. कुणाचा पाय मुरगळला, प्रतिकारशक्ती कमी. आमच्या मोरीतला नळ गळू लागला तेव्हा प्लंबर येईपर्यंत ते नळाकडे ज्या नजरेने बघत होते, त्यावरून त्याच्याबद्दलही त्यांचं तेच मत झालं असावं. माझी कोपरं त्यांनी भिंगातून पाहिली, हुं म्हणाले, आणि आपल्या पिशवीतून एक छोटी पांढरी गोळी काढली. त्यांना पूर्वी दम्याचा जोराचा झटका आला होता तेव्हा डॉक्टरांनी मोजक्या दिवसांसाठी दिलेल्या गोळ्यांतली ती उरलेली. "या गोळीने माझा दमा दोन दिवसांत पळवला," ते म्हणाले. "म्हणजे हिच्यात प्रतिकारशक्ती ठासून भरलेली असणार." मी गोळी घेतली. मामा, घरात राहणाऱ्या थोरल्या मेहुण्याला नाही म्हणणं किती कठीण असतं, हे तुम्हांला मी सांगायला नको. (मामींना भाऊच नाही हे लिहिल्यावर आठवलं. तुम्ही भाग्यवान आहात.)

दुसऱ्या दिवशी पुरळ निम्मं. तिसऱ्या दिवशी कोपरं अशी स्वच्छ की टेबलावर टेकवून लोकांना दाखवत बसावंसं वाटावं. मग औषध सोडतो कोण? गोळ्या चालू राहिल्या, दिवस जात राहिले, आणि मला तारुण्य फुटलं. भूक अशी लागायची की जेवून उठताना पुढच्या जेवणाची चौकशी करायचो. झोप पहाटेच उडायची आणि उठून काहीतरी करावंसं वाटायचं. मी गाडी धुतली. मग गाडीच्या आतली बाजू धुतली. मग शेजाऱ्यांचं फाटक रंगवलं. (त्यांनी सांगितलं नव्हतं. रंगही त्यांच्या आवडीचा नव्हता, असं पुढे कळलं.) चेहरा भरला, गाल वर आले, आणि लोक म्हणू लागले की काय मास्तर, तब्येत मानवली. गाडीतल्या आरशात मी मावेना, तेव्हा आरसा कुणीतरी हलवला असा मी शिकणाऱ्यांवर आळ घेतला. वैद्यराज माझ्याकडे शिल्पकार आपल्या पुतळ्याकडे बघतो तसे बघायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

आता जे सांगायचं आहे ते वडीलधाऱ्या माणसाला कसं सांगावं, हा प्रश्न आहे. त्या जागेला मी या पत्रात बैठक म्हणेन, तुम्ही समजून घ्या. तर बैठकीच्या डाव्या बाजूला मला काहीतरी हाताला लागलं. वाटाण्याएवढं. दुखत नव्हतं, लाल नव्हतं, (हे हिने पाहून सांगितलं, मला कसं दिसणार?) अंगात कणकणही नव्हती. गळू म्हटलं की ते कसं रसरसून लाल होतं, ठणकतं, जवळून वारा गेला तरी माणूस कळवळतो. हे बापडं गप्प. थोड्याच दिवसांत ते सुपारीएवढं झालं आणि मग लिंबाएवढं, पण तोंडातून शब्द नाही. मला जरा काळजी वाटली, म्हणून मी वैद्यराजांच्या कानावर घातलं. ते खूश झाले. "बघा," ते म्हणाले, "प्रतिकारशक्ती इतकी वाढली आहे की गळवाला लाल व्हायचीसुद्धा हिंमत होत नाही." हे वाक्य नीट लक्षात ठेवा, मामा. या एका वाक्यापायी मी जवळजवळ कामातून गेलो होतो.

ही म्हणत होती, डॉक्टरांना दाखवा. मी म्हणत होतो, दुखत नाही तर दाखवू काय? दुखत नसलं तरी ते अडत होतं. डावीकडे लिंबू, म्हणून मी उजवीकडे कलून बसायचो, आणि माझ्या उजवीकडे शिकणारा असतो. त्या वेळी माझ्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका शिकत होत्या. करड्या शिस्तीच्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या. माझं मस्तक त्यांच्या खांद्याकडे झुकू लागलं तेव्हा त्यांनी गाडी बाजूला घेतली, (इंजिन बंद पडलं, पण हेतू बाजूला घेण्याचाच होता) आणि मला सरळ बसायला सांगितलं. पस्तिशी ओलांडल्यानंतर मला सरळ बसायला कुणी सांगितलं नव्हतं. त्या आवाजात अशी जरब होती की मी हाताची घडीही घातली.

मग मी बसायची सोय शोधली. शेजारच्या लहान मुलीचं पोहायचं रबरी कडं होतं, मधे भोक असलेलं, फुगवायचं. लिंबू भोकात, बाकीचा मी कड्यावर. योजना उत्तम होती. दोष एवढाच की कड्याला पुढे बदकाचं डोकं होतं, पिवळं, चोचीसकट, आणि ते माझ्या दोन गुडघ्यांच्या मधून वर येऊन रस्त्याकडे बघत राहायचं. शिवाय दाब पडला की ते किंचाळायचं. मुख्याध्यापिकाबाईंनी आयुष्यभर मुलांच्या दप्तरांतून नाही नाही ते बाहेर निघताना पाहिलं असल्यामुळे त्यांनी त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. फक्त एवढं झालं की त्यांनी ब्रेक दाबला की मी पुढे जायचो, मी पुढे गेलो की बदक ओरडायचं, आणि बदक ओरडलं की त्यांना वाटायचं, ब्रेक बरोबर लागला. दोन-तीन दिवसांत त्या माझ्या सूचनेची वाटच बघेनात. बदकावर त्यांचा विश्वास माझ्यापेक्षा लवकर बसला.

ज्या दिवशी घोळ झाला त्या दिवशी मला सकाळपासूनच बरं वाटत नव्हतं. ताप म्हणावा तर नाही. नुसता घाम, हातपाय गार, आणि डोकं कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं. आम्ही चढाचा रस्ता चढत होतो. वरून विटांचा ट्रक आला, बाई गोंधळल्या, आणि मी माझा जादा ब्रेक सगळ्या ताकदीने दाबला. गाडी थांबली, पण बदक फुटलं. आवाज असा झाला की ट्रकवाल्याने खाली उतरून स्वतःची चारही चाकं तपासली. मी एकदम खाली आदळलो, सगळा भार डावीकडे. इतके दिवस मुकं असलेलं ते लिंबू त्या क्षणी पहिल्यांदा बोललं. मामा, काय बोललं ते लिहिता येत नाही.

यानंतर जे घडलं त्याबद्दल मी त्या बाईंचा जन्मभर ऋणी राहीन. त्यांनी हँडब्रेक ओढला, गिअर काढला, दिवे लावले, सगळं क्रमाने, जसं मी इतके दिवस घसा फोडून सांगत होतो तसं. मग चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "मास्तर, तुम्ही खडूसारखे पांढरे झाला आहात," त्या म्हणाल्या. "दवाखाना कुठे आहे ते सांगा. मी चालवते." त्यांनी तोवर दुसऱ्या गिअरच्या पुढे कधी पाऊल टाकलं नव्हतं. मी म्हणालो, आपण रिक्षा बघू. त्या म्हणाल्या, "पट्टा लावा आणि गप्प बसा." मी पट्टा लावला. गप्प होतोच, बसणं तेवढं जमत नव्हतं, म्हणून छताच्या कडीला लटकलो. माझ्या पायात ब्रेक दाबायचंही त्राण नव्हतं, आणि हे त्यांनाही कळत होतं. तरी त्या तिसऱ्या गिअरवर गेल्या. बाजारातून गेल्या. चौकातल्या पोलिसाला त्यांनी अशा नजरेने थांबवलं की त्याने शिट्टी खिशात ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्याच गाडीत निव्वळ प्रवासी होतो, आणि खरं सांगतो, मला भीती गाडीची वाटत नव्हती. माझ्या अंगात काहीतरी चाललं आहे आणि मला त्याचा पत्ता नाही, याची वाटत होती.

दवाखान्यात मला पालथं झोपवण्यात आलं. सर्जन बाई आल्या, चादर वर करून बघितलं आणि म्हणाल्या, "मास्तर ना तुम्ही?" मान वळवून बघतो तर माझी जुनी विद्यार्थिनी. मामा, शिकवताना माणूस शंभर गोष्टी बोलतो. या बाईंना मी एकदा म्हणालो होतो की तुमचे हात फार थरथरतात, जिथे हात स्थिर लागतो असलं कुठलंही काम तुम्हांला जमायचं नाही. मला वाटलं होतं, त्या शिक्षिका वगैरे असतील. त्यांनी हातमोजे चढवले, सुरी घेतली आणि ती माझ्या नाकासमोर धरली. "स्थिर आहे ना?" त्या म्हणाल्या. मी म्हणालो, अगदी स्थिर. "मग सोडा श्वास, क्लच सोडल्यासारखा हळूहळू."

पू किती निघाला ते सांगत नाही, तुमची जेवायची वेळ असू शकते. इतकंच सांगतो की मदतीला उभ्या असलेल्या नर्सने दुसरं भांडं मागवलं. मला दाखल करून घेतलं, हाताला सलाईन लावलं, रक्त तपासायला नेलं. एवढ्यात ही आणि वैद्यराज धावत आले. सर्जन बाईंना एकच गोष्ट कळत नव्हती. एवढं मोठं गळू, आत इतके जंतू, आणि वर लाली नाही, ताप नाही, ठणका नाही, हे कसं? "काही गोळ्या चालू आहेत का?" त्यांनी विचारलं. वैद्यराजांनी अभिमानाने खिशातून जपून ठेवलेलं रिकामं पाकीट काढून दिलं. बाईंनी ते वाचलं. "हे कधीपासून?" मी मेहुण्यांकडे बघितलं. मेहुणे माझ्याकडे बघू लागले. (त्या बघण्याचा अर्थ मला नीट लावता आला नाही.)

"ही गोळी प्रतिकारशक्ती वाढवत नाही," बाई म्हणाल्या. "दाबते."

वैद्यराज हसले, अडाण्याच्या बोलण्यावर हसतात तसे. "मग त्यांचं पुरळ कसं गेलं?"

"पुरळ हाच प्रतिकारशक्तीचा आगाऊपणा होता. काही कारण नसताना ती कातडीवर चवताळली होती. गोळीने तिला दाबलं, पुरळ गेलं. पण गोळी असं विचारत नाही की हा राग बिनकामाचा की कामाचा. सगळाच दाबते. मग खरे जंतू शिरले तेव्हा त्यांच्या अंगावर धावून जायला कुणी जागं नव्हतं." त्यांनी मग सांगितलं की गळू लाल होतं, सुजतं, अंग तापतं, हे सगळं जंतू करत नाहीत. ते आपलं शरीरच करतं. रक्त तिकडे धावतं म्हणून लाली, आतले पहारेकरी तिथे गोळा होतात म्हणून सूज, आणि जंतूंना सुखाने नांदू द्यायचं नाही म्हणून ताप. माझं गळू घाबरून गप्प नव्हतं, मामा. त्याला कुणी विचारणाराच नव्हता. ते घरमालक गावाला गेलेल्या घरात राहावं तसं राहत होतं.

वैद्यराज सहजासहजी हरणारे नव्हेत. ते म्हणाले, मग आजपासून गोळी बंद, आणि मी असा काढा देतो की प्रतिकारशक्ती दसपट वाढली पाहिजे. बाईंनी त्यांना शांतपणे खुर्ची दिली. "दोन गोष्टी," त्या म्हणाल्या. "एक, दसपट वाढली तर हे जंतूंनी नाही, जंतूंवरच्या संतापाने जातील. असंही होतं. जंतू राहतात बाजूला आणि शरीर रागाच्या भरात स्वतःचंच नुकसान करून घेतं. नुसती जास्त असून भागत नाही, वेळेवर भडकावी लागते आणि वेळेवर आवरावी लागते. आणि दुसरी, गोळी एकदम बंद करायची नाही."

ही पुढे आली. तिने विचारलं, "का नाही?"

बाई माझ्याकडे वळल्या. "मास्तर, तुमच्या पायाशी जादा ब्रेक आहे. समजा तुम्ही रोज तोच दाबत राहिलात, तर शिकणारा स्वतःचा ब्रेक दाबायला शिकेल का?" मी म्हणालो, नाही, त्याचा पाय आळशी होतो. "तसंच आहे. शरीर या जातीचं औषध स्वतःच थोडं थोडं बनवत असतं. तुम्ही बाहेरून पुरवलंत, म्हणून त्याने बनवायचं सोडून दिलं. आता एकदम पाय काढलात तर गाडी कोसळेल. हळूहळू काढायचा." मला ते लख्ख कळलं. मी विचारलं, आणि उशीर झाला असता तर? बाईंनी सलाईनची गती बघितली. (बदकाची हकीकत त्यांना मुख्याध्यापिकाबाईंनी आधीच सांगितली होती.) "आणखी थोडे दिवस असं बदकावर बसला असता तर जंतू रक्तात उतरले असते. मग मी एकटी पुरले नसते."

ही तेव्हा स्टुलावर बसली होती. हातात रुमाल होता. त्याची घडी करायची, मोडायची, पुन्हा करायची.  त्या घडीचा अर्थ मामी समजतील.

पुढचे दिवस मजेशीर गेले असं म्हणवत नाही, पण चमत्कारिक गेले. जखम शिवली नाही, उघडीच ठेवली, आणि आत औषधी कापडाची लांब पट्टी भरली. रोज जुनी काढायची, नवी भरायची. जुनी निघताना ती संपतच नसे. जत्रेतला जादूगार टोपीतून रुमाल ओढतो तसा प्रकार. जंतूंवरच्या औषधाची सलाईन चालू, गोळी हळूहळू कमी, आणि एका सकाळी मला चांगला ताप भरला. जखम लाल झाली, ठणकू लागली. मला वाटलं, संपलं. सर्जन बाई आल्या, तक्ता बघितला, जखम बघितली आणि म्हणाल्या, "छान." नर्सही म्हणाली, छान. शेजारच्या खाटेवरच्या हर्नियावाल्या आजोबांनी माझं अभिनंदन केलं. माझं शरीर जागं झालं होतं. बाईंनी बजावून ठेवलं होतं की ताप बेताचा असला तर ठीक, चढत गेला तर लगेच कळवायचं, म्हणून ही दर थोड्या वेळाने थर्मामीटर घेऊन यायची आणि आकडा वाचून वाईट वाटून घ्यायचं की आनंद मानायचा, या विचारात उभी राहायची. बेताचाच राहिला. मात्र शरीर जागं झालं ते सगळंच झालं. एका बाजूने जंतूंवर तुटून पडलं आणि दुसऱ्या बाजूने, हात लागलाच आहे तर म्हणून, माझ्या कोपरांवरही. पुरळ परत आलं. त्याचं कारण शेवटी बाईंनीच शोधलं. गाडीच्या दाराच्या आणि सीटच्या ज्या हातांवर मी दिवसभर दोन्ही कोपरं टेकतो, त्यांना आमच्या मालकांनी नवं पॉलिश लावायला सुरुवात केली होती. पॉलिश बंद केलं, साधं मलम लावलं, पुरळ गेलं. एवढ्याचसाठी मी इतका खटाटोप केला.

आता मी घरी आहे. जखम आतून भरत येते आहे. जंतू हरले, मी जिंकलो. वैद्यराज मात्र हरलेले नाहीत. त्यांनी सर्जन बाईंचं सगळं बोलणं मनापासून ऐकलं आणि जुन्या शास्त्राला नवं शेपूट जोडलं. पूर्वी ते लोकांना सांगायचे, तुमची कमी आहे. आता विचार करून सांगतात, तुमची कमी आहे, किंवा मग जास्त आहे. दुधवाल्याची कमी निघाली. शेजारीणबाईंची जास्त निघाली आणि त्या दोन दिवस माहेरी जाऊन आल्या. एवढ्यावर थांबले असते तर मी सोसलं असतं. पण मी घरी पडलो म्हणून ते माझा डबा घेऊन निरोप सांगायला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले (डबा कशासाठी, हे मला अजून कळलेलं नाही) आणि तिथे बाकावर बसलेल्या शिकाऊ मंडळींच्या जिभा बघू लागले. त्यातच लायसन्सची परीक्षा घेणारे इन्स्पेक्टर आले. त्यांचं नाक मुळातच लाल आहे. वैद्यराजांनी सगळ्यांदेखत त्यांना सांगितलं की हा प्रतिकारशक्तीचा आगाऊपणा असून वेळीच आवरला नाही तर कठीण आहे. त्या दिवशी आमच्या शाळेचे सगळे उमेदवार नापास झाले. एक मुख्याध्यापिकाबाई तेवढ्या पास झाल्या, कारण त्यांना नापास करायची इन्स्पेक्टरांची छाती झाली नाही. मालकांचा निरोप आला आहे की एक तर ते गृहस्थ या गावात राहतील, नाही तर माझी नोकरी.

असो. सांगायचं तात्पर्य, प्रकृतीला जपा, उरलेल्या गोळ्या कुणाकडून घेऊ नका, आणि दुखत नसलं तरी वेळेवर दाखवा. घरातल्या थोरांनी लहानांचं ओझं थोडं हलकं करावं, असं तुम्हीच एकदा म्हणाला होतात, ते आज फार आठवतं. मामींना पुन्हा नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक भाचा

ता. क. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. जे गृहस्थ ते तुमच्या हातात देऊन समोरच्या खुर्चीवर बसले आहेत आणि तुमची जीभ दिसते का ते बघत आहेत, तेच आमचे मेहुणे. महिनाभर ठेवून घ्यावं, ही पदर पसरून विनंती. (पदर हिचा.) तुमची प्रकृती अलीकडे तोळामासा झाली आहे, असं सांगितल्याशिवाय ते निघायला तयार नव्हते, म्हणून तसं सांगितलं आहे. तरी पहिले दोन दिवस कृपा करून थोडं खोकावं.

ता. क. पुन्हा. पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाचू नका, हे वर लिहायचं राहिलं.

ता. क. मामा-मामींना भाचेसुनेचा नमस्कार. पाकीट मी चिकटवणार आहे, म्हणून वाचलं, आणि वाचलं म्हणून लिहिते. दादाने ह्यांना त्या पाकिटातल्या उरलेल्या चारच गोळ्या दिल्या होत्या, आणि संपल्यावर आता पुरे असंही तो म्हणाला होता. पुढची पाकिटं ह्यांनी स्वतः दुकानातून आणली, कारण पुरळ गेल्यावर कोपरं फार छान दिसतात असं ह्यांचं मत पडलं. दादा दवाखान्यात ते बोलला नाही, बोलणारही नाही. घरी आल्यापासून ह्यांची पट्टी रोज तोच बदलत होता. मला ते बघवत नाही, आणि ह्यांनी एकदा आरशातून बघितलं तर ह्यांनाच पाणी मारून उठवावं लागलं. काल निघायची तयारी करताना म्हणत होता, ह्यांना बसता येईपर्यंत तरी राहू द्या. तर त्याला नीट जेवू घाला, काहीही खातो. त्याच्यावर रागावलेलं त्याला चालतं, पण काही काम न दिलेलं चालत नाही. बागेला पाणी वगैरे घालायला सांगा. फक्त एवढं सांभाळा, की तुमच्यापैकी कुणाचं काही दुखत असेल तर ते त्याच्यासमोर दुखू देऊ नका.